बॉक्सवर लिहिलेला ६० आकडा आणि माझे एक लाख बारा हजार : झूम फ्लॅश बनवायचा विचार करताय, तर आधी हे वाचा



रविवारच्या बॅचला एक मुलगा आला होता. वय चोवीस-पंचवीस, पाच वर्षं लग्नाच्या फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून काम केलेलं. चहाच्या ब्रेकमध्ये बाजूला घेऊन म्हणाला, "सर, मला स्वतःचा फ्लॅश काढायचाय. छोटा, खिशात बसेल असा, आणि उजेड कमी-जास्त रुंद करता येईल असा. आईच्या नावावर एफडी आहे, ती मोडायची तयारी आहे. भांडवल किती लागेल तेवढं सांगा."

भांडवलाचा आकडा मी सांगितला नाही. एफडी तूर्त तशीच राहू दे म्हटलं. मग दोन तास जे बोललो तेच इथे लिहितोय. व्हिडिओमध्ये हे सगळं सांगायला गेलो तर आकडे हवेत विरतात, लिहिलेलं असलं की परत बघता येतात. तुम्हाला फ्लॅशमध्ये रस नसला तरी वाचा. आपलं प्रॉडक्ट नक्की कुठे अडतं ते कसं शोधायचं, ते यात कळेल.

आधी माझी फजिती सांगतो. २०१६ मध्ये मी दुकानात चाळीस फ्लॅश भरले. खरेदी २,८०० रुपये नग, म्हणजे १,१२,००० रुपये. त्या वेळच्या माझ्या ऐपतीला ही फार मोठी उडी होती. बॉक्सवर मोठ्या अक्षरात "गाइड नंबर ६०" लिहिलं होतं. बाजूच्या नावाजलेल्या कंपनीच्या तिप्पट किमतीच्या फ्लॅशवर ४३. मी हिशेब केला, साठ म्हणजे त्रेचाळीसपेक्षा जास्त, किंमत कमी, माल हातोहात जाणार. गेलाही! पण लग्नसराई सुरू झाल्यावर परत यायला लागला. "दादा, ग्रुप फोटोत कडेची माणसं काळी येतात." एक, दोन, पाच... अकरा नग परत आले. बीबीएला मी कॉस्टिंग शिकलो, ब्रँडिंग शिकलो. पण साठ हा आकडा कोणत्या झूमला मोजलाय, हा साधा प्रश्न व्यापाऱ्याला विचारायचं मला सुचलं नाही.

आमच्या गल्लीत कॅमेरा दुरुस्तीचं काम करणारे एक काका आहेत. त्यांनी एक नग उघडून दाखवला. उघडण्याआधी त्यांनी काय केलं ते लक्षात ठेवा. पंधरा वॅटचा पिवळा बल्ब, त्याला दोन वायरी, आणि त्या वायरी फ्लॅशमधल्या मोठ्या कपॅसिटरच्या टोकांना लावल्या. बल्ब तीन-चार सेकंद पेटला आणि हळूहळू विझला. "सेल काढले म्हणजे वीज गेली असं नाही," काका म्हणाले. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो. तो माणसाचा जीव घेऊ शकतो. त्यामुळे कुतूहल म्हणून घरी फ्लॅश उघडायला जाऊ नका. हे काम येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

आत काय असतं?

पुढे प्लॅस्टिकचं चौकोनी भिंग. त्याच्यावर बारीक रेघा दिसतात, कारण ते फ्रेनेल लेन्सच्या तत्त्वावर चालतं. जाड भिंगाचा मधला फुकटचा भाग काढून टाकायचा आणि फक्त वाकलेला पृष्ठभाग पायऱ्या-पायऱ्यांनी सपाट पत्र्यावर मांडायचा. ही युक्ती फ्रान्समधल्या फ्रेनेल या अभियंत्याने दीपगृहासाठी वापरली. १८२३ मध्ये कॉर्दुआनच्या दीपगृहात ती बसली. दोनशे वर्षं जुनी गोष्ट आज आपल्या मंगल कार्यालयात फिरतेय!

भिंगाच्या मागे झेनॉन वायू भरलेली पेन्सिलीच्या शिशापेक्षा जरा जाड अशी काचेची नळी. तिच्यामागे चकचकीत पन्हाळीसारखा रिफ्लेक्टर. नळी आणि रिफ्लेक्टर दोन्ही मिळून एका छोट्या गाडीवर बसवलेले. ही गाडी रुळावरून पुढे-मागे सरकते. सरकवायला नखाएवढी मोटर, दोन-तीन दाताची चाकं आणि गाडी कुठे आहे हे सांगणारा एक स्विच. झूम फ्लॅश म्हणतात तो एवढाच. गाडी पुढे, भिंगाजवळ आली की उजेड पसरतो. मागे गेली की भिंग किरणं गोळा करतं आणि उजेड अरुंद, पण जोरदार होतो.

माझ्या त्या मालात दोष या गाडीतच होता. चाकं हलक्या प्लॅस्टिकची. मांडवातली धूळ, हळद, उकाडा, आणि लग्नातली धावपळ. दोन महिन्यांत दात झिजायचे आणि गाडी मागेच अडकून बसायची. स्क्रीनवर २४ दिसतंय, डोकं मात्र १०५ वर. फोटोग्राफर वाइड लेन्स लावून पंधरा माणसांचा ग्रुप काढतोय, आणि उजेड पडतोय मधल्या नवरा-नवरीवर. कडेला उभे असलेले मामा-मामी अंधारात. पाच रुपयांच्या चाकापायी माझं नाव खराब झालं.

आता आकडे. कागद-पेन घ्या.

समजा तुम्ही भिंतीपासून २ मीटरवर उभे आहात आणि फुल फ्रेम कॅमेऱ्याला २४ मिमीची लेन्स लावलीय. फोटोत भिंतीचा ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच भाग येतो, म्हणजे ६ चौरस मीटर. त्याच जागेवरून १०५ मिमीची लेन्स लावली तर जेमतेम ६९ सेंटीमीटर रुंद आणि ४६ सेंटीमीटर उंच. क्षेत्रफळात साधारण १९ पटींचा फरक. मग कागदावर असं वाटतं की २४ साठी पसरलेला सगळा उजेड १०५ च्या चौकटीत गोळा केला तर तो १९ पट प्रखर होईल.

होतो का? नाही. कॅननचा ५८०ईएक्स २ हा फ्लॅश अनेकांनी वापरलाय. त्याचा गाइड नंबर आयएसओ १०० ला, मीटरमध्ये, २४ मिमी झूमला २८ आहे आणि १०५ मिमीला ५८. गाइड नंबर म्हणजे अंतर गुणिले एफ नंबर. एफ ५.६ ठेवला तर २४ ला उजेड ५ मीटरपर्यंत पुरतो, १०५ ला साधारण १० मीटरपर्यंत. अंतर दुप्पट म्हणजे प्रखरता चौपट, कारण उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. म्हणजे १९ पट मिळायला हवं होतं तिथे मिळालं फक्त ४ पटींच्या थोडं वर.

उरलेला उजेड गेला कुठे? हाच सगळ्या डिझाइनचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबू. भिंग उजेडाला सरळ रेषेत तेव्हाच आणू शकतं जेव्हा उजेडाचा उगम टाचणीच्या टोकाएवढा असेल. आपली नळी तर दोन-तीन सेंटीमीटर लांब. नळीच्या प्रत्येक टोकापासून निघालेले किरण भिंगातून वेगवेगळ्या दिशेला जातात. ते आवरायचे तर एकतर नळी छोटी हवी किंवा भिंग मोठं आणि लांब हवं. नळी फार छोटी केली तर तेवढी ऊर्जा ती झेपवू शकत नाही, काच जाते. भिंग मोठं केलं, गाडीचा प्रवास लांबवला, की फ्लॅश खिशात बसत नाही. शिवाय वाइडला गाडी पुढे आली की तापलेली नळी भिंगाच्या अगदी जवळ येते. सलग फुल पॉवरवर मारत राहिलात तर भिंगाचं प्लॅस्टिक तपकिरी पडतं.

म्हणून कोणी तुम्हाला "छोटा पण आहे, झूमही भरपूर आहे, आणि ताकदही मोठ्या फ्लॅशएवढी" असं सांगितलं, तर शांतपणे विचारा, या तिन्हींतलं काय सोडलंय? काहीतरी सोडलेलं असतंच. बॉक्सवर लिहिलेलं नसतं एवढंच. बॉक्सवरचा मोठा आकडा बहुतेक वेळा सर्वांत अरुंद झूमचा असतो, हल्ली २०० मिमीचा. त्याच फ्लॅशचा २४ ला निम्म्याहून कमी भरतो. यात खोटं काही नाही, पण माझ्यासारखा नवशिका दुकानदार फसतो. तुम्ही स्वतःचा माल काढाल तेव्हा दोन्ही आकडे छापा. ग्राहक प्रश्न विचारायला येईल, आणि प्रश्न विचारायला आलेला ग्राहक बऱ्याचदा खरेदी करून जातो.

मुलाने इथे विचारलं, "सर, मग झिनॉन कशाला, एलईडी लावू?" प्रश्न चांगला आहे. मोठ्या हॉटशू फ्लॅशमध्ये ७५-७६ जूल ऊर्जा असते. १,४०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३३० व्होल्टला भरला की एवढी होते. ती सगळी नळीतून एका सेकंदाच्या साधारण तीनशेव्या भागात जाते. गुणाकार करून बघा, त्या क्षणापुरती २० किलोवॅटच्या वर ताकद! तुमच्या आमच्या हातातल्या एलईडीला ते झेपत नाही. व्हिडिओसाठी एलईडी उत्तम. मंगलाष्टकं संपताना उडणाऱ्या अक्षता हवेत थांबवायच्या असतील तर अजून तरी झेनॉनच लागतो.

झूम कोणाला, कशाला हवाय?

हा प्रश्न मी त्याला तीनदा विचारला. तो म्हणाला, "सगळ्या महागड्या फ्लॅशला असतो." हे काही उत्तर झालं नाही. मग त्यालाच सांगायला लावलं, मुहूर्ताच्या वेळी काय होतं? तो म्हणाला, हार घालताना एक फोटो फुल पॉवरवर मारला की साधे चार पेन्सिल सेल असलेला फ्लॅश परत चार्ज व्हायला काही सेकंद घेतो, तेवढ्यात हार पडलेला असतो.

आता वरचा आकडा परत बघा. लांबून, १०५ ला फोटो घेत असाल आणि फ्लॅशचं डोकंही १०५ वर असेल, तर २४ वर असताना लागली असती त्याच्या पाव ऊर्जेत तोच फोटो येतो. पाव ऊर्जा म्हणजे पुढचा फोटो लवकर, सेल जास्त टिकतात, नळी कमी तापते. झूमचा खरा फायदा हा आहे. ग्राहकाला "ॲडजस्टेबल कव्हरेज" विकू नका, हार पडताना दुसरा फोटो मिळतो हे विका.

दुसरी बाजूही सांगतो. आपल्याकडचे बरेच फोटोग्राफर फ्लॅश सरळ मारतच नाहीत. हॉलच्या पांढऱ्या छताकडे तोंड करतात, किंवा पुढे डिफ्यूझर लावतात. डिफ्यूझर लावला की झूमचा अर्धा अर्थ संपतो. म्हणजे तुमचा ग्राहक कोण? छत नसलेल्या लॉनवर, मैदानातल्या मांडवात काम करणारा. तिथे उजेड उसळवायला काही नसतं. सरळ मारावा लागतो, आणि तिथेच झूम उपयोगी पडतो. मुलाच्या तालुक्यात निम्मी लग्नं लॉनवर होतात. मला वाटतं बाजार आहे, पण तो जेवढा वाटतो त्यापेक्षा अरुंद आहे.

मग मोटर कशाला पाहिजे? अमेरिकेतल्या व्हिविटार कंपनीचा २८३ हा फ्लॅश १९७० च्या दशकात निघाला आणि जगभर लाखोंनी खपला. त्याला झूम नव्हता, पुढे लावायची वेगळी भिंगं मिळायची. त्याच घराण्यातल्या २८५ ला झूम आला, पण तो हाताने डोकं पुढे-मागे ओढायचा. मोटर नाही, बिघडण्यासारखं जवळपास काही नाही. (जुना व्हिविटार कुणाच्या कपाटात असेल तर सरळ डिजिटल कॅमेऱ्यावर लावू नका. काहींच्या पायाशी दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो, कॅमेऱ्याचा बोर्ड जाऊ शकतो.) बरं, हे जुनं झालं म्हणाल, तर स्वीडनच्या प्रोफोटोने २०१७ मध्ये ए१ काढला. महागातला महाग फ्लॅश, गोल डोकं, आणि झूम? डोक्याभोवतीची रिंग हाताने फिरवायची. म्हणजे हाताने फिरवणं ही गरिबांची सोय आहे असं अजिबात नाही.

मोटर काढली की चार गोष्टी एकदम हलक्या होतात : किंमत, आकार, बॅटरी आणि परत येणारा माल. एकच गोष्ट जाते. लेन्स फिरवली की फ्लॅश आपोआप मागोमाग फिरत नाही. पण ते आपोआप करायला फ्लॅशने कॅमेऱ्याशी बोलावं लागतं. हॉटशूचा आकार आणि मधला संपर्क बहुतेक कॅमेऱ्यांत सारखा असतो, बाकीच्या पिना मात्र कॅनन, निकॉन, सोनी यांच्या प्रत्येकाच्या वेगळ्या आणि त्यांची भाषा बंद कुलपात. ती उलगडायला इंजिनिअरांची फौज लागते. एफडीच्या पैशांत ते होत नाही. मधल्या एका पिनेवर चालणारा साधा मॅन्युअल फ्लॅश बहुतेक कॅमेऱ्यांवर चालतो.

एवढं झाल्यावर मी त्याला एक कडू गोष्ट सांगितली. मॅन्युअल फ्लॅशसुद्धा तू पहिल्याच फटक्यात काढू नकोस. ३३० व्होल्टचं सर्किट, सुरक्षिततेच्या चाचण्या, नळीचा पुरवठा, आणि लिथियम बॅटरी घातलीस तर भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी. समोर गोडॉक्ससारखी चिनी कंपनी उभी आहे, तिच्या आकारमानाशी किमतीत लढता येत नाही. तुझी कल्पना "उजेडाची रुंदी बदलणं" ही आहे ना? मग फ्लॅश ग्राहकाचाच असू दे. त्याच्या फ्लॅशपुढे लागेल असं सरकतं भिंग बनव.

ही कल्पना माझी नाही. लांबून पक्षी टिपणारे फोटोग्राफर कित्येक वर्षं फ्लॅशपुढे एक फूटभर अंतरावर पातळ फ्रेनेल भिंग लावतात, म्हणजे उजेड टेलिलेन्सच्या चौकटीत गोळा होतो. अमेरिकेतल्या मॅगमॉडने सुरुवात केली ती चुंबकाने अडकणारा पट्टा, ग्रिड आणि रंगीत जेल यांपासून. फ्लॅश दुसऱ्यांचे, पुढचा तुकडा यांचा. यात वीज नाही, बॅटरी नाही, आणि माल पोस्टाने पाठवता येतो. धोका एकच, पण मोठा. असं भिंग लावलेला कॅमेरा उन्हात ठेवला आणि सूर्य समोरून आला तर भिंग उलटं काम करतं आणि फ्लॅशचं डोकं वितळतं. हे सूचनापत्रात पहिल्या ओळीत छापायचं, आणि भिंग मिटवता येईल अशी रचना करायची.

पेटंटचं तो विचारत होता. भिंगापुढे-मागे उजेड सरकवणं हे फार जुनं आहे, त्याचं पेटंट मिळणार नाही. मिटण्याची किंवा अडकवण्याची एखादी खरंच नवीन रचना सुचली तर प्रोव्हिजनल अर्ज करा, पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन सरकारी फी १,६०० रुपये आहे, वकिलाची वेगळी. डिझाइन नोंदणी १० वर्षांची, पुढे ५ वर्षं वाढते, पण ती फक्त दिसण्याला संरक्षण देते, कामाला नाही. आणि अर्ज करण्याआधी इन्स्टावर रील टाकू नका, एवढं तरी माझं ऐका!

इंजेक्शन मोल्डिंगचा साचा लाखांत जातो. त्याला शेवटी हात घालायचा. आधी थ्रीडी प्रिंट, स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं वाचायचं सपाट भिंग, आणि पाइपचे तुकडे. वीस-पंचवीस नग असेच करून ओळखीच्या फोटोग्राफरांना लग्नात वापरायला द्यायचे. साच्याची वेळ आली की छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी ड्रॉइंग घेऊन जा, तिथे छोट्या उद्योगांचं काम होतं.

पण त्याच्याही आधी भिंत. पांढरी भिंत, २ मीटर अंतर, रात्रीची वेळ, दिवे बंद. भिंतीवर खडूने ३ बाय २ मीटरची चौकट आखा. कॅमेरा मॅन्युअलवर, फ्लॅश मॅन्युअलवर. भिंगाची प्रत्येक जागा बदलून एकेक फोटो. मग कॉम्प्युटरवर मधला आणि चारही कोपऱ्यांचा उजेड बघा. कोपरा मध्यापेक्षा एक स्टॉपपर्यंत, म्हणजे निम्म्यापर्यंत, कमी असेल तर मी चालवून घेतो. त्याच्या खाली गेला की मामा-मामी काळे येणार. ज्या जागेला निकाल बरा येतो तिथे खूण करा. आपल्या रिंगवर छापायचे आकडे या भिंतीवरून येतात, दुसऱ्या कंपनीच्या बॉक्सवरून नाही.

मुलगा गेला. बारा दिवसांनी रात्री साडेअकराला त्याचा व्हॉट्सॲप आला. घराच्या मागच्या भिंतीचे सतरा फोटो. साडेतीनशे रुपये खर्च, त्यात भिंग दोन, कारण पहिल्यावर तो बसला होता. अरुंद जागेला मधला उजेड जवळजवळ अडीच पट वाढलेला. रुंद जागेला मात्र वरचा उजवा कोपरा दीड स्टॉप खाली, आणि फक्त तोच. मी लिहिलं, भिंग वाकडं बसलंय, टेकू बदल. त्याचं उत्तर आलं, "सर, टेकू बरोबर आहे, भिंतच वाकडी आहे. उद्या शाळेच्या भिंतीवर करतो."